ड्रायर तापतो तेव्हा फ्यूजला दोष देऊ नका

ड्रायर प्रमाणाबाहेर तापू लागला की इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळींत दोनच उपाय ऐकू येतात. नवा घ्या, नाहीतर "फ्यूज डायरेक्ट करून टाका." हा दुसरा उपाय मला अजिबात मान्य नाही. ड्रायरचा थर्मल फ्यूज एकदाच उडतो, आणि उडतो तो आपलं घर वाचवायला. त्याच्या जागी वायर जोडणं म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून तिथे खिळा ठोकण्यासारखं आहे. नवा फ्यूज जरूर बसवा, पण जुना का उडाला ते आधी शोधा.

बहुतेक वेळा कारण एकच असतं, हवा कोंडलेली असते. ड्रायर कपडे नुसते तापवत नाही, ओली गरम हवा घराबाहेर ढकलतो. ती वाट तुंबली की कपडे वाळायला जास्त वेळ लागतो, तरी हाताला चटका बसेल इतके गरम निघतात. करपल्याचा वास आला तर मशीन बंद करून प्लगच काढा.

वास नसेल तर उष्णता न देणाऱ्या सेटिंगवर मशीन लावा आणि बाहेर जाऊन बघा. भिंतीवरची झडप हवेने उघडते का? उघडत नसेल तर पाइप तुंबला आहे. मशीन भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे मागचा पाइप चेपलेला असतो, हे तर घरोघरी. पाइप ४ इंची, कडक धातूचा हवा; चुण्यांचा प्लॅस्टिकचा किंवा फॉइलचा असेल तर काढून टाका. रोजची जाळीही पाण्याखाली धरून बघा. पाणी वर साचलं तर ड्रायर शीटचा थर बसला आहे, साबण आणि मऊ ब्रशने धुवा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी मोजल्या, आणि सर्वांत मोठं कारण निघालं साफ न करणं.

हे सगळं करूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट किंवा हीटरची कॉइल. ते काम माहीतगाराचं. गॅसचा ड्रायर मात्र पाइप काढून कधीही चालवून बघू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात पसरेल.

वसंतात आणखी एक गोष्ट होते. झडप उघडी अडकलेली असली की चिमण्या आणि साळुंकीच्या जातीचे स्टारलिंग आत घरटं करतात. बाहेर बारीक जाळी ठोकणं हा उपाय नव्हे, तिच्यावर कपड्यांचा भुसा साचून वाट पुन्हा बंद होते. झडपच दुरुस्त करायची, तीही पिल्लं उडून गेल्यावर. आत अंडी असताना ड्रायर लावायचा नाही, यावर माझ्याकडे चर्चाच नाही.

"मग तोवर कपडे कुठे वाळवू गं?" मैत्रिणीने विचारलं. म्हटलं, तळघरात दोरी बांध आणि शेजारी पंखा लाव. आपल्या आयांनी चार-चार महिन्यांचे पावसाळे असेच काढले.