भारी गोळीचा भ्रम

"उन्हाळी लागली," म्हणत पन्नाशीतला माणूस मेडिकलवर येतो आणि सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) या अँटिबायोटिकची पट्टी मधोमध कापली जाते. हिंगोली जिल्ह्यातलं वसमत असो, कळमनुरी असो की सेनगाव, हे दृश्य कुणालाच नवं नाही. दोन दिवसांत जळजळ थांबते, महिन्याभरात पुन्हा सुरू होते. मग मागणी होते ती 'त्याहून भारी' गोळीची.

अशा परत परत येणाऱ्या जळजळीचं मूळ प्रोस्टेटात असू शकतं, आणि औषध भारी असलं की आजार हटतोच, ही समजूत त्याच्या बाबतीत साफ चुकीची आहे. मूत्राशयाखालच्या या ग्रंथीत जंतू ठाण मांडून बसले की रक्तातलं प्रत्येक औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मेदात विरघळणारं औषध आत सहज शिरतं, बाकीची बरीचशी दारातच अडतात. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गावर उत्तम चालतं, प्रोस्टेटात मात्र पुरेसं पोहोचतच नाही. सिप्रो आणि लिव्हो (लिव्होफ्लॉक्सासिन) आत पोहोचतात, म्हणून वर्षानुवर्षं तीच लिहिली गेली. पण आयसीएमआरच्या पाहणीनुसार मोठ्या रुग्णालयांतले निम्म्याहून अधिक ई. कोलाय जंतू सिप्रोला जुमानत नाहीत. (गावपातळीवर चित्र थोडं बरं असेलही, पण अर्ध्या पट्ट्या कापत राहिलो तर ते बरं राहणार नाही.) शिवाय या गटातल्या औषधांनी स्नायूबंध तुटू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दिला होता.

मग पर्याय कोणता? जो ग्रंथीत शिरतो आणि ज्याला तो विशिष्ट जंतू दबतो, तोच. ट्रायमेथोप्रिम-सल्फाची जुनी, स्वस्त गोळी कित्येकदा हे काम करते. काही जंतूंवर डॉक्सीसायक्लिन चालतं. फॉस्फोमायसिनचा शोध १९६९ मध्ये स्पेनमधल्या मातीतल्या जंतूपासून लागला. त्याची पुडी पाण्यात विरघळवून घ्यायची असते. स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गाला तिची एक मात्रा पुरते. प्रोस्टेटसाठी मात्र तीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे द्यावी लागते. जुनाट जंतुसंसर्गाचा कोर्स साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो. तिथे तीन दिवसांच्या पट्टीचा काय पाड लागणार?

दुसरी बाजू म्हणते, रसायनं सोडा, आपली हळद आहे ना! वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, अभिमान रास्तच. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तोही अभिमानाचाच विषय. पण तो लढा हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे एवढंच सिद्ध करणारा होता. हळदीने प्रोस्टेटातले जंतू मरतात, असं त्यात कुणी म्हटलं नव्हतं. पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. दुधात घालून खुशाल प्यावं, उपचार म्हणून त्यावर विसंबू नये.

नेमका जंतू ओळखायला लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करावी लागते. तिच्यावरच उरतो तो खरा आक्षेप: तिला दोन-तीन दिवस लागतात, पैसे जातात, रोजंदारी बुडते. आक्षेप खोटा नाही. पण प्रोस्टेटच्या दुखण्याच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत जंतू सापडतच नाहीत. त्यांनी महिनोन् महिने घेतलेली अँटिबायोटिकं फुकट जातात. दुखणं स्नायूंचं किंवा नसांचं असू शकतं, त्याची वाट वेगळी. जंतू ग्रंथीत आहेत की नाहीत, हे कळायला मीयर्स आणि स्टॅमी यांनी १९६८ मध्ये दाखवलेली पद्धत आहे. तिच्या सोप्या रूपात ग्रंथी हलकेच दाबण्याआधीची आणि नंतरची लघवी तपासतात. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, तर मात्र ग्रंथी दाबायची नाही आणि घरी थांबायचंही नाही. तडक रुग्णालय गाठायचं. तिथे नमुना घेऊन अहवालाची वाट न पाहता औषध सुरू होतं.

हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशिवाय असं महाविद्यालय चालत नाही. त्या प्रयोगशाळेत औंढ्याच्या शेतकऱ्याच्या लघवीचं कल्चर वेळेत आणि परवडेल अशा दरात व्हावं, अशी मागणी जिल्ह्याने आता लावून धरली पाहिजे. आणि रुग्णाने पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्यावा.