सडकेवरची अर्जुनी आणि पाळीवरचा रविवार

इंग्लंडला जाऊन आलेल्या प्रत्येक मित्राकडे एक फोटो हमखास असतो. जुन्या दगडी घरांची रांग, दारात फुलं, समोर छोटासा ओढा आणि त्यात बदकं. खाली ओळ, 'कॉट्सवोल्ड्स, डे ट्रिप'. लंडनहून सकाळी निघायचं, गाइड नाही, ग्रुप नाही, नकाशा हातात घेऊन एखाद्या गावात मनसोक्त भटकायचं आणि रात्री घरी. आयडिया झक्कास आहे. पण व्हिसाच्या रांगेत उभं न राहता ती आपल्याकडे जमेल का?

जमते. निदान मला तरी जमली आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत तीनदा. पत्ता लिहून घ्या: सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया.

आधी नावाचा घोळ मिटवू. या जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक अर्जुनी मोरगाव, तिथे रेल्वे जाते. दुसरी ही, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरची, म्हणून 'सडक'. एसटीत नुसतं 'अर्जुनी' म्हटलंत तर लगेच प्रश्न येतो, 'कोनती जी, सडक का मोरगाव?' हा 'जी' म्हणजे झाडीपट्टीची खूण. तो कानावर पडला की समजायचं, आलो आपण.

नागपूरहून भंडारा, साकोली करत हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पहाटे सहाला निघालात तर नाश्त्याला पोचता. मुंबईकर विदर्भ एक्सप्रेसने आणि पुणेकर महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदियाला उतरू शकतात, तिथून गाडी किंवा एसटी.

खुद्द सडक अर्जुनी हे बघायचं गाव नाही, हे स्पष्टच सांगतो. तालुक्याचं ठिकाण, बाजार, ट्रक, टायरवाले. इथे चहा प्यायचा, पोहे-तर्री हाणायची आणि लागूनच असलेल्या कोहमाऱ्याला महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळायचं. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर नवेगावबांध. खरी ट्रिप सुरू होते ती या वळणावर.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. नोव्हेंबरात गेलात तर कापणी चालू असते, जानेवारीत त्याच बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार दिसते. मधूनच मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरं लागतात. सारवलेलं अंगण, कुंपणावर चढलेला पोपटाचा वेल (पोपट म्हणजे पक्षी नव्हे, वाल!). पुढे जंगल जवळ येतं आणि मग अचानक समोर पाणीच पाणी. पहिल्यांदा बघणारा माणूस दोन मिनिटं गप्प बसतो. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात बडबडी मैत्रीणही बसली होती.

हा तलाव अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलाय. भोवती डोंगर, त्यांना इथे 'सात बहिणी' म्हणतात. आता यातली गंमत ऐका. हे सरोवर निसर्गाने केलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून पाणी अडवलं, असं इथला इतिहास सांगतो. इंजिनीअरिंग कॉलेज नाही, जेसीबी नाही. गावाने त्याला देव केलं. तलावाकाठी कोलासूर देव म्हणून त्याची पूजा होते. धरण बांधणाऱ्याला देवत्व देणारं दुसरं गाव तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा.

इथे माझा सल्ला असा की बोटिंग आणि बगिचा यात सगळी सकाळ घालवू नका. पाळीवरून चाला. पाळ म्हणजे मातीचा बांध. पाणी शेतात सोडण्याचं दार म्हणजे तुडूम. आणि तलाव तुडुंब भरला की जादा पाणी जिथून निघून जातं ती सलांग. हे तीन शब्द खिशात असले की या भागातलं कुठलंही तळं तुम्हाला वाचता येतं. आणि तळी काय कमी आहेत? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे जुने तलाव सहा हजारांवर आहेत. बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. जो तळं बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा चांद्याच्या गोंड राजांचा हिशेब होता म्हणतात. आजच्या भाषेत सांगायचं तर सॉलिड इन्सेन्टिव्ह स्कीम!

मग बिघडलं कुठे? पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले, म्हणून त्यांचं नाव 'मामा तलाव', माजी मालगुजारी. दरवर्षी गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही गावाची रीत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. जुलमी व्यवस्था गेली ते उत्तमच झालं, पण तिच्याबरोबर 'हे तळं आपलं' ही भावनाही पातळ झाली. गाळ साचत गेला, काठावर बेशरमाची झुडपं माजली, पाण्याखालच्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आधाराने वाढणारे देशी मासे घटले. त्याचा सगळ्यात मोठा फटका ढिवर समाजाला. मासे, शिंगाडे, कमळाचा ढेस ही त्यांची रोजीरोटी. आता अर्जुनी मोरगाव परिसरात काही गावांतल्या ढिवर बायका-पुरुषांनीच बेशरम उपटून, तळ्यात पाणवनस्पती लावून मासे परत आणायचं काम हाती घेतलंय. रस्त्यालगतच्या एखाद्या छोट्या तळ्यावर गाडी थांबवा, तिथल्या मावशींशी बोला. आम्ही थांबलो तेव्हा त्या मावशींनी पाण्यातलं गवत हातात धरून, कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो ते अर्धा तास समजावलं. 'मोठ्या तलावावर सगळेच जाते जी, आमच्या बोडीवर कोन येते?' असंही वर ऐकवलं.

फोटोतलं ते इंग्लिश गावही आपोआप सुंदर राहिलेलं नाही, बरं का. बायबरी गावातली ती सुप्रसिद्ध घरांची रांग, आर्लिंग्टन रो, नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे. १८९५ साली स्थापन झालेली ही संस्था तिथली जुनी घरं आणि जमिनी सांभाळते. म्हणजे तिथेही कोणीतरी रोज निगा राखतं, तेव्हा आपल्याला फोटो मिळतो. आपल्या पाळीची निगा कोण राखणार, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा.

दुपारी जेवण साधंच मिळेल, पण भात अप्रतिम. धानाच्या मुलखात आलोय म्हटल्यावर पोळीचा हट्ट कशाला? सोबत पोपटाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी, आणि खात असाल तर तळ्यातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा.

पक्षीवेड्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. हिवाळी पाहुणी बदकं तेव्हाच येतात. याच जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' निघण्याआधी वाचलंत तर तळं दुप्पट दिसेल, माझी गॅरंटी. सफारी करायची असेल तर बुकिंग आधी करा. पावसाळ्यात ती बंद असते.

हातात वेळ उरला तर आणखी एक सरप्राइज. अर्जुनी मोरगावच्या पुढे प्रतापगड. तिथे महाशिवरात्रीची यात्राही भरते आणि दर्गाही आहे. त्याच बाजूला गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत, १९७२ पासूनची. विदर्भाच्या उन्हात फडफडणाऱ्या रंगीत पताका बघून क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. फक्त हे लोकांचं राहतं गाव आहे, प्रदर्शन नव्हे. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

परतीचं तेवढं नीट ठरवा. नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं २०१३ मध्ये एका व्याघ्रप्रकल्पात आली, पण मधून आपला महामार्ग जातो. जनावरांना हा रस्ता ओलांडावाच लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्री भरधाव कारने एका वाघाला उडवलं. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. जखमी वाघ सरपटत झाडीत जातो ते बघवत नाही. म्हणून जंगलातला पट्टा उजेडात पार करा. उशीर झालाच तर वेग चाळिशीच्या वर नको, मागून कितीही हॉर्न वाजू देत.

आणि मुक्कामाची तयारी असेल तर दिवाळीनंतर कुठल्या गावात मंडई आहे ते चहाच्या टपरीवर विचारून ठेवा. मंडई म्हणजे नाटक, आणि झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे रात्रभर. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाल घ्या, शेंगदाणे घ्या, पुढची जागा पकडा.

सामानाची यादी छोटी आहे: दुर्बीण, टोपी, पाण्याची भरलेली बाटली, सुट्टे पैसे आणि एक रिकामी पिशवी. पिशवी आपल्याच वेफर्सच्या पाकिटांसाठी. पाळीवर तसली पाकिटं आधीच पुरेशी पडली आहेत, आपली भर नको. फोटोखाली 'नवेगावबांध, डे ट्रिप' लिहायला विसरू नका, आणि कोणी विचारलंच तर सांगा, व्हाया सडक अर्जुनी. मोरगाव नव्हे!