हुरडा फुकट, ज्वारी तोट्यात



जानेवारी २०२५ मध्ये कामानिमित्त आम्ही चौघे सुरतेला गेलो होतो. संध्याकाळी तिथल्या मंडळींनी तापीकाठी अडाजणच्या पोंक बाजारात नेले. पोंक म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आपला ज्वारीचा हुरडा. थंडी पडली की तिथे ओळीने दुकाने लागतात. कणसे भट्टीत भाजायची, कापडात गुंडाळून काठीने झोडायची, पाखडायची आणि हिरवेगार दाणे तराजूत घालायचे.

आम्ही एका दुकानापासून सुरुवात केली. मूठभर पोंक, त्यावर लिंबू-मिरीची शेव, सोबत साखरेच्या गोळ्या. दुसरीकडे पोंकवडे, तिसरीकडे लसणाची शेव आणि ताक. चव ओळखीचीच. आपल्या गूळभेंडीपुढे तो दाणा काही वरचढ वाटला नाही. घास अडकला तो भाव ऐकून. किलोला काही शे रुपये! आणि गिऱ्हाईक घासाघीस न करता घेत होते.

आता आपला हिशेब मांडा. २०२४-२५ सालासाठी संकरित ज्वारीची सरकारने जाहीर केलेली आधारभूत किंमत होती क्विंटलला ३,३७१ रुपये, म्हणजे किलोला चौतीस रुपयेही नाहीत. हुरड्याच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते, म्हणजे किलोभर हुरड्यात कोरडी ज्वारी फार तर अर्धा किलो. मग शेकड्यांतली रक्कम कशाची? भट्टीची, झोडणाऱ्या हातांची, पाखडण्याची, शेवेची, शहरातल्या जागेची आणि नेमक्या वेळेची. यातले फक्त कणीस शेतकऱ्याचे. बाकी सारे काम शेताबाहेर होते आणि त्याचे पैसेही शेताबाहेरच राहतात.

शहरातला माणूस कंजूष आहे, ज्वारी त्याला नको, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते खरे नाही. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे. आपण मात्र हुरडा पाहुण्यांना फुकट खाऊ घालतो आणि उरलेली ज्वारी तोट्यात विकतो. पाहुणचार सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण पाहुणा कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे ओळखायला हवे. २०२३ साली जगभर भरडधान्य वर्ष साजरे झाले. ताटे सजली, भाषणे झाली. आपल्या खळ्यावर त्यातले किती आले, ते ज्याने त्याने आठवावे.

कुणी म्हणेल, पुण्या-नगरकडे माणशी पैसे घेऊन हुरडा पार्ट्या चालतातच की. चालतात, पण हमरस्त्यालगत. आपली शेते आडवळणाला, तिथे मोटारी येणार नाहीत. म्हणून हुरडाच तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी गेला पाहिजे, आणि भट्टी आपल्या हातात राहिली पाहिजे.

शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून दोन इशारेही देतो. दाण्यातली साखर दिवसागणिक पिठात बदलते. हुरड्याचा काळ जेमतेम आठवड्याचा, आणि कणीस खुडले की त्याच दिवशी भाजलेले बरे. सगळ्यांनी एकाच दिवशी पेरले तर सगळ्यांचा हुरडा एकदम येईल आणि भाव मातीत जाईल. दुसरे, पूर्ण रान हुरड्याला लावू नका. घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा आधी. चार-सहा तासे पुरे. कणीस खुडल्यावर धाटे हिरव्या वैरणीला आहेतच.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवून याव्यात. गूळभेंडी, कुचकुची, सुरती किंवा विद्यापीठांच्या फुले मधुर, परभणी वसंत यांपैकी कोणते बियाणे कुणाकडे आहे. कोण कोण दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरणार. आणि तालुक्याच्या बाजारात भट्टी कोण चालवणार. मायबहिणींच्या बचत गटांनी ही भट्टी हाती घेतली तर आम्हाला अधिक भरवसा वाटेल.

एवढ्याने शेतीचा तोटा भरून निघणार नाही. कापसाच्या आणि ज्वारीच्या भावासाठी भांडावे लागणारच आहे. पण आपल्या मालाला शहरात काय मोल येते, हे डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी त्या भांडणात मान खाली घालून उभा राहत नाही.