अपघात झाल्यावर पंप शोधणारे सरकार



रेल्वेतील कोणाही साथीला विचारा, शेडचा भोंगा वाजला की काय होते? माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. रिलीफ ट्रेन दिवसा अर्ध्या तासात आणि रात्री पाऊण तासात हलली पाहिजे, असा दंडक आहे. ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस सायडिंगला नुसती उभी असते. तरी ती उधळपट्टी आहे असे कोणी म्हणत नाही. मग जमिनीखाली उतरणाऱ्या कामगाराच्या बाबतीत हाच हिशेब का बदलतो, असा आमचा सवाल आहे.

१३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयात क्सान येथे कोळशाच्या बेकायदा बिळांत पाणी शिरले आणि १५ मजूर अडकले. बचाव पथक पोचले, पण त्याच्याजवळचे पंप अपुरे होते. मोठे पंप आणि नौदलाचे पाणबुडे यायला पंधरवडा उलटला. तोवर सुटकेची आशा मावळली होती. ६ जानेवारी २०२५ रोजी आसामात उमरांग्सो येथे पुन्हा तसेच बीळ, तसेच पाणी आणि ९ मजूर. एकही जिवंत बाहेर आला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मेघालयातील बिळांच्या खाणींवर २०१४ मध्येच बंदी घातली होती. बंदी कागदावर राहिली. आणि कागदावर खाणच नाही म्हटल्यावर नकाशा नाही, हजेरीपट नाही, आत किती माणसे आहेत याचाही पत्ता नाही. वाचवायचे तरी कोणाला आणि कोठून?

अधिकृत खाणींत सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. चासनाला, १९७५ : ३७५ मृत्यू. गझलीटांड, १९९५ : ६४. बागडिगी, २००१ : २९. तिन्ही ठिकाणी पाण्यानेच घात केला. पाणी साठलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदू नये, असा नियम आहे. पण जुन्या कामाचा नकाशाच चुकीचा असेल तर ६० मीटर मोजायचे कोठून? बचावाची सुरुवात भोंगा वाजल्यावर होत नाही, ती नकाशापासून होते.

व्यवस्थापन अशा वेळी महाबीर खाणीचे उदाहरण देते. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंज भागातील या खाणीत पाणी घुसले आणि ७१ कामगार अडकले. सहा जण दगावले. उरलेल्या ६५ जणांना बोअरमधून लोखंडी कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढले. इंजिनियर जसवंतसिंग गिल स्वतः खाली उतरले. त्यांच्या धैर्याला आमचा सलाम! पण ती कॅप्सूल अपघातानंतर घाईघाईने बनवावी लागली, हे कोणी सांगत नाही. शौर्याला पदक जरूर द्या. परंतु पदक देऊन तयारीची जबाबदारी टळत नाही. सिलक्यारा बोगद्यात २०२३ साली ४१ मजूर १७ दिवस कोंडले गेले. यंत्रे दिल्लीहून, इंदूरहून आणावी लागली, अखेर ऑगर यंत्र मोडले आणि शेवटचे काही मीटर बिळे खोदणाऱ्या गरीब मजुरांनीच हातांनी उकरले. त्यांचे ऋण देश कधी फेडणार?

देशात १९८५ चे खाण बचाव नियम आहेत. नागपूरसह अनेक ठिकाणी बचाव केंद्रे आहेत, दरवर्षी पथकांच्या स्पर्धाही होतात. हे आम्ही नाकारत नाही. आमचे म्हणणे इतकेच की तयारी स्पर्धेच्या मैदानावर नको, खाणीच्या तोंडाशी हवी. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक खाणपट्ट्यात मोठे पंप, बोअर मारणारी यंत्रे आणि कॅप्सूल कायम तयार ठेवा आणि रिलीफ ट्रेनप्रमाणे निघण्याची वेळ बांधून द्या. पाळीत अचानक सराव घ्या व त्याचा निकाल युनियनला द्या. जुन्या कामांचे नकाशे प्रत्यक्ष बोअर मारून पडताळा. विषारी वायू नुसता गाळणारे नव्हे, तर प्राणवायू पुरवणारे उपकरण कंत्राटी कामगारासह प्रत्येकाच्या कमरेला द्या. न्यू केंदा खाणीत १९९४ साली आगीच्या धुराने ५५ जणांचे प्राण घेतले, हे विसरू नका. आणि कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर चढल्याशिवाय त्याला खाली उतरवू नका.

हा प्रश्न फक्त खाणकामगारांचा आहे, असे कोणी म्हणेल. वणी, बल्लारशा, उमरेडचा कोळसा आपल्याच वाघिणींतून जातो. खाणकामगारांनी घरी धाडलेल्या मनिऑर्डरी आपल्याच टपाल साथींनी वर्षानुवर्षे दारोदार पोचवल्या. २०२० च्या संहितेने १९५२ चा खाण कायदा पोटात घेतला आहे. त्याबरोबर सुरक्षेचे नियम ढिले होणार नाहीत, यावर पहारा सर्वांनी मिळूनच द्यायचा आहे. येत्या शाखा-सभेत वरील मागण्यांचा ठराव मांडा, मंजूर करा आणि श्रम मंत्रालयाकडे पाठवा. पुढचा भोंगा वाजण्याची वाट पाहू नका.