शाळेचें आवार आणि वृक्ष

कन्हय्यालाल मुनशी यांनीं १९५० सालीं वनमहोत्सव सुरू केल्यापासून जुलै महिन्यांत शाळांतून झाडें लावण्याची चाल पडली आहे. पाहुणे येतात, रोप खड्ड्यांत उभें राहतें, छायाचित्र निघतें. पुढें मे महिन्यांत शाळेस सुटी लागते, आणि रोपास पाण्याची गरज सर्वांत अधिक असते ती नेमकी तेव्हांच. शाळेच्या दारास कुलूप, रोपाच्या मुळाशीं तडकलेली माती! पुन्हां जुलै उगवतो व त्याच खड्ड्यांत दुसरें रोप बसतें. यास वृक्षारोपण म्हणावें कीं वर्षश्राद्ध?

याचें कारण आमच्या मतें असें कीं, झाड शोभेकरितां लाविलें जातें, शिकण्याकरितां नव्हे. रवींद्रनाथांनीं १९०१ सालीं शांतिनिकेतनांत शाळा काढली, तिचे वर्ग झाडांखालीं भरत. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं तर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळाच कुरणांत नेली. आम्ही मात्र पर्यावरण हा विषय पुस्तकांत कोंडून त्यास गुण देतों! उंबराचें फूल दिसत नाहीं असें आपण म्हणतों. पण कोंवळें उंबर मधोमध चिरून मुलाच्या हातीं द्यावें, म्हणजे आंत दाटलेलीं शेंकडों फुलें त्यास दिसतील, आणि परागकण नेणारें चिलटाएवढें कीटकही कदाचित् सांपडेल. एक काठी व दोन सांवल्या मोजून झाडाची उंची काढणें हें त्रैराशिकाचें उत्तम उदाहरण आहे. त्यास खडूही लागत नाहीं.

झाडांची निवडही विचारानें व्हावी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लवकर वाढतो खरा, पण त्याच्या ठिसूळ फांद्या पावसाळ्यांत मोडून पडतात. त्यापेक्षां करंज, कडुनिंब, आपल्या राज्याचें फूल जें तामण तें, आणि भिंतीपासून दूर एखादा उंबर लावावा.

१९७५ च्या कायद्यानें शहरांतील झाड तोडण्यास परवानगी लागते. परंतु पाण्यावांचून मेलेल्या रोपाची फिर्याद कोणीं कोठें करावी?

आमचे व्यापारी बंधु रोपांस लोखंडी पिंजरे देतात व त्यांवर दुकानाचें नांव रंगवितात. नांवास आमची हरकत नाहीं. मात्र यंदां पिंजऱ्याऐवजीं सुटींत पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी त्यांनीं द्यावी. आणि शाळेनें रोपांची मोजणी जुलैंत न करितां पुढल्या जूनमध्यें करून तो आंकडा दारावरील फळ्यावर लिहावा.