छप्पर, भाडे आणि ३० टक्के

भाड्याने दिलेल्या घरावरील प्राप्तिकराचा हिशेब वरवर पाहता मोठा सुटसुटीत आहे. भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करावी, उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के व घरासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज वजा करावे, की झाले! २००१ च्या वित्त कायद्यापूर्वी विमा, भुईभाडे इत्यादींची वेगवेगळी कलमे होती. ती कटकट संपली, हे बरेच झाले.

परंतु सोय झाली कोणाची? पणजीतील नव्या सदनिकेच्या मालकाला दुरुस्तीपायी रुपयाही खर्चावा लागला नाही, तरी ३० टक्के मिळतात. जुन्या चिरेबंदी घराच्या मालकाला मात्र दर पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात, कुजलेले वासे बदलावे लागतात. भाडेकरू जुना असला तर भाडे तुटपुंजे. त्याचे ३० टक्के ते किती असणार! पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या गोमंतकीय दांपत्याचे हे उत्पन्न पतिपत्नींत निम्मे-निम्मे धरले जाते. त्याने कराचा भार थोडा हलका होतो, छपराचा नव्हे.

त्याहून विचित्र गोष्ट अशी की, दुरुस्ती कर्ज काढून केली तर व्याज वजा होते. पदरच्या पुंजीतून केली तर वेगळे काहीच नाही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही हीच री ओढली आहे. ३० टक्के खुशाल ठेवावेत. मात्र प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च त्याहून अधिक असल्यास पावत्या पाहून तो वजा करण्याची मुभा द्यावी, अशी आमची सूचना आहे. खोट्या पावत्यांची भीती खाते पुढे करील. व्यापाऱ्यांच्या खर्चाच्या पावत्या तेच खाते तपासते. घरमालकांच्या तपासणे त्याला जड जाऊ नये.