विश्लेषण : बागेला पाणी घातले म्हणून दंड? कुंडीची तहान किती आणि लॉनची किती?

पाणीकपात जाहीर झाली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला वाद पाण्याच्या वेळेवरून होतो आणि दुसरा बागेवरून. ‘प्यायला पाणी नाही आणि झाडांना कसले घालता?’ हा प्रश्न एरवी शेजाऱ्यांच्या कुरबुरीपुरता असतो. बंगळूरुने मात्र तो थेट दंडाच्या पावतीवर नेला. घरच्या बागेच्या पाण्यावर निर्बंध का येतात, त्यातून खरोखर किती पाणी वाचते आणि बागप्रेमींनी नेमके काय बदलायला हवे, याविषयी…

बंगळूरुमध्ये काय घडले?

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला. कावेरीच्या खोऱ्यातील धरणे नीट भरली नाहीत आणि शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या आटल्या. त्यामुळे मार्च २०२४ मध्ये बंगळूरुच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, गाड्या धुणे, कारंजी, बांधकाम अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली. पहिल्या उल्लंघनाला ५ हजार रुपये दंड, पुन्हा सापडल्यास आणखी ५ हजार आणि त्यापुढे दररोज ५०० रुपये, असे दर ठरले. मार्च संपायच्या आत २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत, उन्हाळा सुरू होण्याआधीच, मंडळाने तोच आदेश पुन्हा काढला.

मनाई पिण्याच्या पाण्याला होती, बागेला नव्हती. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरून बाग जगवायला कोणाचीच आडकाठी नव्हती. मात्र आदेशाच्या भाषेत बाल्कनीतली तुळस आणि बंगल्यापुढचे लॉन हे दोन्ही ‘बागकाम’च. अडचण इथेच आहे.

लॉन किती पाणी पिते?

हा हिशेब फार सोपा आहे, पण तो बागेचे कोटेशन घेताना कोणी मांडत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या कोरड्या, कडक उन्हात नीट वाढलेले, कापलेले गवत दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी हवेत सोडते. ५०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरचे लॉन घेतले, तर रोजचे साधारण २३० ते २८० लिटर झाले. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्राचे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे एका मध्यम आकाराच्या बंगल्यापुढचे गवत दोन माणसांचे पाणी पिते. पाइपने भर दुपारी पाणी मारले किंवा ते फुटपाथवर वाहिले, तर हा आकडा आणखी वाढतो.

आता कुंड्या. १२ इंची कुंडीतल्या मध्यम रोपाला कडक उन्हाळ्यात दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पुरते. अशा २० कुंड्या असल्या तरी रोज जास्तीत जास्त एक बादली. तेवढे पाणी गाडी पाइपने धुताना पहिल्या काही मिनिटांतच जाते. त्यामुळे टंचाईच्या दिवसांत कुंडीवाल्याला आणि लॉनवाल्याला एकाच मापाने मोजणे हिशेबाला धरून नाही.

आंघोळीचे पाणी आणि बागेचे पाणी यात फरक काय?

हे समजून घ्यायला अमेरिकेतील लास व्हेगासचे उदाहरण सर्वांत चांगले. वाळवंटातल्या या शहराला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस मिळतो आणि बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीवरच्या ‘लेक मीड’ जलाशयातून येते. तिथे घरातल्या नळाचे, बाथरूमचे, हॉटेलांचे सांडपाणी जवळपास सगळे प्रक्रिया करून पुन्हा त्याच जलाशयाकडे सोडले जाते आणि तेवढे पाणी शहराला पुन्हा उचलता येते. म्हणून शॉवरखाली पाच मिनिटे जास्त उभे राहिल्याने शहराच्या पाण्याच्या जमाखर्चात फारसा फरक पडत नाही. गवताला घातलेले पाणी मात्र वाफ होऊन जाते. ते परत मिळत नाही.

त्यामुळे नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला. केवळ शोभेसाठी असलेल्या, ज्यावर कोणी खेळत-बसत नाही अशा लॉनना २०२७ पासून कोलोरॅडोचे पाणी देता येणार नाही. रस्त्यांचे दुभाजक, ऑफिसांचे आवार, निवासी संकुलांच्या दारातल्या हिरव्या पट्ट्या त्यात येतात. स्वतंत्र घरांना या कायद्यातून वगळले आहे, पण लॉन काढून कमी पाण्याची झाडे लावणाऱ्याला तेथील जलप्राधिकरण चौरस फुटाच्या हिशेबाने रोख पैसे देते. चौरस फुटामागे वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे सुमारे २०८ लिटर पाणी वाचते, असा प्राधिकरणाचा अंदाज आहे.

आपल्याकडे हे गणित अर्धेच लागू होते. आपल्या शहरांत घरातले पाणी तरी परत कुठे येते? बहुतांश सांडपाणी नदीत जाते. म्हणजे आपण दोन्हीकडून पाणी गमावतो. लॉनवर शुद्ध केलेले पाणी उडवतो आणि लॉनला चालले असते असे पाणी गटारात सोडतो.

पाइपवर बंदी, झारीवर नाही…

पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमध्येही असे निर्बंध येतात. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे अनेक भागांत ‘होजपाइप बॅन’ लागू झाला. यॉर्कशरमध्ये तो जुलै २०२५ मध्ये आला. नियम मोडल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र झारीने किंवा बादलीने झाडांना पाणी घालायला मोकळीक असते. यामागचा विचार साधा आहे. हाताने वाहून न्यावे लागणारे पाणी माणूस आपोआप जपून वापरतो. कुंडी आणि लॉन यांतला फरक करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणता येईल. त्यासाठी निरीक्षकाने फूटपट्टी घेऊन फिरावे लागत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कधी आला होता?

२०१६ च्या दुष्काळात. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना आयपीएलच्या मैदानांवर पाणी का, असा सवाल मुंबई उच्च न्यायालयात उपस्थित झाला. ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. मैदानांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवण्यात आली, पण तोवर उशीर झाला होता. त्या वेळी चर्चा मैदानांची झाली, घरांसमोरच्या हिरवळीची झाली नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला दिवसाआड पाणीपुरवठा वर्षानुवर्षे चालू राहिला. त्याच काळात नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीतले फोटो मात्र हिरव्यागार गालिच्याचेच होते.

२० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची, म्हणजे एसटीपीची अट असते. प्रकल्प बांधला जातो. पुढे विजेचे बिल, ऑपरेटरचा पगार आणि वासाच्या तक्रारी सुरू झाल्या की तो बंद पडतो आणि बागेसाठी टँकर येतो. प्रस्तुत लेखक राहतो त्या सोसायटीत एसटीपीचा पंप तीन महिने बंद होता. माळ्याने नाइलाजाने पिण्याच्या टाकीला पाइप जोडला, तो कोणाच्या लक्षातही आला नाही. त्यामुळे बिल्डरकडून ताबा घेताना जिम आणि क्लबहाऊसइतकीच एसटीपी चालवून बघण्याची घाई असायला हवी. एसटीपीचे पाणी बागेला देताना फवारे टाळून ठिबकने द्यावे. तुषार हवेत उडत नाहीत आणि वासाची तक्रारही कमी होते.

घरातले कोणते पाणी बागेला चालते?

एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, ते कुंड्यांना बेलाशक घालावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणीही उत्तम. आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबाबत मात्र सावध राहायला हवे. मूळ पाणी बोअरवेलचे असेल तर त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. रोज तेच घातले तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांची टोके करपतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे. झाडांना घालायचेच तर साध्या पाण्यात मिसळून, आलटून-पालटून.

वॉशिंग मशीनचे पहिले पाणी नकोच. डिटर्जंटमधल्या सोडियममुळे माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. शेवटच्या खळबळणीचे पाणी शोभेच्या झाडांना चालते, पालेभाजीला नाही. ते साठवून ठेवू नये, दुसऱ्या दिवशी वास मारते. बंगल्याच्या मागे मोरीचे पाणी जिथे जाते तिथे पूर्वी कर्दळ आणि केळी असायच्या, त्यात मोठे शहाणपण होते. अजूनही सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींच्या वाफ्यांत कर्दळ लावतात.

लॉन काढून पेव्हर ब्लॉक लावावेत का?

टंचाईच्या धास्तीने अनेक जण नेमके हेच करतात. बंगल्यापुढे पेव्हर ब्लॉक किंवा प्लॅस्टिकची कृत्रिम हिरवळ. पाण्याचे बिल कमी होते, पण उन्हात हे दोन्ही प्रचंड तापतात. पेव्हरखाली काँक्रीट असले तर पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, ते रस्त्यावर येते. एप्रिलची टंचाई कमी करताना आपण जुलैचा पूर आणि पुढच्या एप्रिलची कोरडी बोअरवेल यांची सोय करतो.

मधला मार्ग झाडांच्या निवडीत आहे. लॉन हवेच असेल तर मुले खेळतात तेवढ्याच तुकड्यावर ठेवावे. उरलेल्या जागेत कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, अडुळसा, निर्गुडी, कोरफड अशी झाडे लावता येतात. एकदा मुळे खोल गेली की त्यांना रोज पाणी लागत नाही. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळण्याऐवजी दोन-तीन इंचांचा थर मातीवर तसाच राहू द्यावा, ओल टिकते. दुपारी पाने मलूल दिसली की लगेच पाणी घालण्याची सवयही तपासावी. कडक उन्हात पाने थोडा वेळ मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. मातीत बोट खुपसून दोन इंचांवर ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालायची गरज नाही.